जानेवारीशी जानेवारी

अंजूरच्या खाडीत सावळारामचे दोन खुंट होते. खुंट म्हणजे ताडाचे सोट, चिखलात दीड पुरुष खोल रुतवलेले. दोन खुंटांच्या मध्ये ओहोटीच्या तोंडाला पिशवीसारखं लांबलचक जाळं बांधायचं. त्याला बोकशी म्हणतात. भरतीचं पाणी परत समुद्राकडे धावायला लागलं की वाटेत सापडेल ते जाळ्याच्या शेपटीत जाऊन बसतं. माणसाने बांधावर बसून विडी ओढायची आणि पाणी उतरलं की जाळं काढायचं. सावळारामच्या आजाने आणि बापाने जन्मभर एवढंच केलं. सावळारामही तेच करत पंचावन्नाचा झाला. फरक एवढाच की तो हुशार होता. निदान त्याला तसं वाटत होतं, आणि गावाने ते खोडून काढायचे कष्ट घेतले नव्हते.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत बांधावर एक जीप येऊन थांबली. तिच्यातून एक सडसडीत माणूस उतरला. बरोबर तराजू, लाकडी पट्टी, काचेच्या बाटल्या आणि एक जाडजूड वही. त्याने खुंट मोजले, चौदा जोड्या. कुणाचे खुंट, जाळं किती हात, दिवसाला मासळी किती, सगळं विचारलं आणि सगळं लिहून घेतलं. नाव सांगितलं होतं त्याने आपलं, पण गावाने ते ठेवून घेतलं नाही. दुपारपर्यंत तो मोजणीसाहेब झाला होता.

त्या संध्याकाळी चौदा खुंटवाले सावळारामच्या ओटीवर जमले.

"कर लावतंय सरकार," तुळशीराम म्हणाला. त्याचे खुंट सावळारामच्या खुंटांना लागून, त्यामुळे भांडणं आणि विडीकाडी दोन्ही शेजारचीच. "मिठाच्या आगरांना असंच मोजून गेलं व्हतं, इसरलास?"

"इसरतंय कशाला," सावळाराम म्हणाला. "तवाच त्याला बोललो मी, सायब, मासळी बगायची तं बुधवारी या."

"बुधवारी? बुधवारी तं अष्टमीचा भांग!"

"मंग?"

सगळे हसले. आमावस-पुनवेला खाडीला उधाण येतं, पाणी घोड्यासारखं धावतं, जाळं भरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी उठतही नाही आणि उतरतही नाही, आजाऱ्यासारखं पडून राहतं, आणि जाळं दोरीवरच्या लुगड्यासारखं लोंबत राहतं. अंजूरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. मोजणीसाहेबालाही ठाऊक असावं, कारण भरती-ओहोटीचं छापील पुस्तक त्याच्या पिशवीत होतं. पण जीप कुठल्या दिवशी मिळणार हे त्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. जीप मिळाली बुधवारी.

बुधवारी सावळारामने जाळं बांधलं, तेही शेपटीची गाठ थोडी ढिली ठेवून. पाणी उतरल्यावर आत निघालं ते असं: कोलंबी मूठभर, दोन खरब्या, आणि एक चिंबोरी, जिला एकच नांगी होती. साहेबाने सगळं तराजूत घातलं. आठशे ग्रॅम.

"एवढंच निघतं?" त्याने विचारलं.

"त्ये पन तुमी आलाव म्हनून, सायब," सावळाराम म्हणाला. तोंड त्याने असं केलं होतं की घरात कुणी वारलं असावं.

साहेबाने मान हलवली. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. गाव त्या रात्री ताडी प्यायलं.

उन्हाळा लागता लागता बांधावर पाटी लागली. कर आला नव्हता. साहेबाने वर कळवलं होतं की ह्या भागातली मासळी संपत आली आहे, ती वाचवायची तर माशांना वाढायला जागा राखून ठेवली पाहिजे. सगळ्यात कमी मासळी जिथे निघाली तीच जागा त्यासाठी निवडली गेली. अंजूरच्या बांधापासून खालच्या वळणापर्यंत, चौदाच्या चौदा जोड्या. 'मत्स्यबीज राखीव पट्टा. मासेमारीस सक्त मनाई.' तीन वर्षांनी पुन्हा मोजणी होईल, मग पुढचं ठरेल. पाटीची राखण करायला शेजारच्या गावचा राघो नेमला गेला. त्याला एक काठी, एक शिटी आणि खाकी सदरा मिळाला. सदरा एक माप मोठा होता.

गाव सावळारामला तोंडावर काही बोललं नाही. तुळशीराम मात्र रोज सकाळी बांधावर भेटला की विचारायचा, "काय सावळारामशेट, आज बुधवार ना?"

चौदा घरांनी वळणाच्या खाली, उथळ पाण्यात, पाळ्या लावून जाळी टाकायला सुरुवात केली. चौदा घरांना तीन जागा. सावळारामची पाळी पाच दिवसांनी यायची, आणि पाच दिवसांतून एकदा येणाऱ्या जाळ्यावर घरातली दोन पुरुषमाणसं बसवून ठेवण्यात अर्थ नव्हता. म्हणून त्याचा एकुलता एक मुलगा लडकू भिवंडीला धामणकर नाक्यापाशी लूमवर लागला. बारा तासांची शिफ्ट, खाली लूम, वर माळ्यावर झोपायची जागा.

"बंदी उठली की परत येनार," जाताना तो म्हणाला होता.

पहिल्या वर्षी तो घरी यायचा तेव्हा अंगाला सूत चिकटलेलं असायचं. दुसऱ्या वर्षी तो मोठ्याने बोलायला लागला. तिसऱ्या वर्षी त्याच्याशी मोठ्याने बोलावं लागायला लागलं. चाळीस लूम एका छपराखाली धडधडत असले की कानांना दुसरं काही ऐकू येत नाही, आणि मग हळूहळू त्यांना दुसरं काही ऐकायची सवयही राहत नाही. पूर्वी हाच लडकू काळोखात माशांच्या नुसत्या आवाजावरून सांगायचा, बाबा, बोइटांचा थवा चाललाय. आता त्याची आई चुलीपाशी भांडं आपटून त्याला जेवायला हाक मारत असे.

सावळारामने कुणाला बोलून दाखवलं नाही, पण तीन वर्षं तो एकाच गोष्टीची वाट बघत होता. बंदी उठावी आणि पोराचे कान पुरते जाण्याआधी पोरगं घरी यावं.

ह्या तीन वर्षांत बंदीत काय चाललं होतं ते सगळ्यात चांगलं ठाऊक होतं गुणाबाईला, सावळारामच्या बायकोला. ओहोटीला चिखलात उतरून निवट्या आणि शिंपल्या वेचायच्या हे बायकांचं काम. राघोने शिटी वाजवली की त्या वर यायच्या, तो वळला की परत उतरायच्या.

"आज पानी जांभळं व्हतं," ती घरी येऊन सांगायची. कधी हिरवं. कधी नुसता फेस.

भिवंडीत लूम वाढले तसे कापड रंगवणारेही वाढले होते, आणि त्यांच्या मोऱ्या नाल्यात, नाला खाडीत. लडकूला तर रंगावरून सांगता यायचं की कुठल्या छपराखाली कुठला ताका चाललाय. त्याला त्यात गंमत वाटायची. निवट्या मात्र पहिल्या वर्षी पाटीभर, दुसऱ्या वर्षी ओटीभर आणि तिसऱ्या वर्षी ओच्याला गाठ मारायचीही गरज नाही, अशा होत गेल्या.

"राघो," एकदा गुणाबाईने चिखलातूनच विचारलं, "आमाला शिटी मारतंस, त्या रंगाला मार की रं."

"मावशे, रंग जाळं टाकतंय का?" राघो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला जेवढं सांगितलं होतं तेवढं तो करत होता, आणि आपल्याकडे एवढं करणाराही सापडत नाही.

सत्त्याहत्तरच्या जानेवारीत मोजणीसाहेब परत आला. केस थोडे पांढरे झाले होते, वही नवी होती. त्याने जुनी तारीख काढून दाखवली. तुलना करायची तर जानेवारीशी जानेवारीचीच करायची, बुधवारशी बुधवारचीच करायची, तेच खुंट, तेच जाळं. शास्त्र असं असतं, तो म्हणाला. आणि मोजणीसाठी त्याला पुन्हा जीप मिळणार होती येत्या बुधवारी, पाच तारखेला.

सावळारामने मनातल्या मनात तिथी मोजली. पौषी पौर्णिमा. उधाण.

तुळशीराम, सावळाराम आणि गुणाबाई, तिघांची त्या दिवशी ओटीवर जी बोलणी झाली त्यांचा हिशेब नीट मांडून ठेवायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं.

"जाळं भरलेलं दिसाया पायजे," सावळाराम म्हणाला. "मासळी वाढावी म्हनून बंद केलं ना? वाढली म्हंजे काम झालं. उघडंल सरकार."

"आनि न्हाय उघडलं तं?" तुळशीराम म्हणाला.

"अरं, दवाखान्यात ताप उतरला की मानसाला घरी सोडतात का खाटंला बांधून ठेवतात?"

"पर मासळी हाय कुठं?" गुणाबाईने विचारलं. "उधाणाचं काय घिऊन बसलाव? उधाणात पानी येतं, मासळी न्हाय येत. रितं हाय तं रितं दाखवा. सांगा त्याला, सायब, बंदी करून कायबी झालं न्हाय, रंग मारतंय मासळीला."

"मागल्या येळंला रितंच दाखवलं गो," सावळाराम म्हणाला. "काय झालं? पाटी लागली. आता अजून रितं दाखवू? गावाला पन पाटी लावंल तो."

 शिवाय दुसरीही एक गोष्ट होती. अंजूरला खुंटवाल्यांमध्ये एक रीत आहे. जावई, व्याही, कुणी पाहुणा बांधावर येऊन बसला तर त्याच्यासमोर जाळं रितं काढायचं नाही. काढण्याआधी कुणीतरी पाण्यात उतरतो आणि घरातला एखादा बरा मासा जाळ्याच्या शेपटीत सरकवून येतो. त्याला पाहुण्याचा मासा म्हणतात. पाहुण्यालाही ते ठाऊक असतं. तो जाळं वर आलं की "वा, नशीब हाय तुमचं" असं म्हणतो आणि रात्री तोच मासा जेवतो. ह्यात कुणी कुणाला फसवलेलं नसतं. पहिल्या वेळेला साहेब करवाला समजला गेला म्हणून त्याच्या वाट्याला पाहुण्याचा मासा आला नव्हता. आता त्याला मासळी दाखवायची होती, म्हणजे तो पाहुणा झाला.

"एक मासा सरकवतात," सावळाराम म्हणाला, "आपन जरा जास्त सरकवू."

तुळशीरामच्या बहिणीचं सासर खाडीच्या तोंडाकडे, वसईच्या बाजूला. तिकडचं पाणी अजून पाण्याच्या रंगाचं होतं. बुधवारी सकाळच्या भरतीवर तुळशीरामची होडी दोन टोपल्या घेऊन वर आली, टोपल्यांवर ओलं गोणपाट. हातभर लांबीचे दोन जिताडे, बोइटं, कोलंबी. दुपारी पाणी थांबलं तेव्हा सावळारामने जाळं बांधलं. साहेब त्या वेळी त्याच्याच ओटीवर गुणाबाईच्या हातचा चहा पीत होता आणि वहीत रेघा मारत होता. वहीत कितीतरी रकाने होते: मासळीची जात, लांबी, वजन, जाळ्याचं माप, वारा, आकाश. गुणाबाई कपबशी उचलताना वाकून बघत राहिली. तिला अक्षर येत नव्हतं, पण खाडी येत होती.

"सायब, पान्याचा रंग कुठं लिवता?"

"पाण्याचा रंग?" साहेबाने रकाने तपासले. "त्याला रकाना नाही, बाई."

संध्याकाळी जाळं वर आलं. भरलेलं जाळं ओढताना खांद्यात जी कळ येते ती तीन वर्षांत सावळारामला आली नव्हती. आपणच भरलंय हे ठाऊक असूनही ती आलीच, आणि त्याला बरं वाटलं. साहेबाने वजन केलं. अकरा किलो दोनशे. वजन त्याने वहीत उतरवलं आणि त्याच्याखाली दोनदा रेघ मारली.

एका जिताड्याच्या ओठाला गळाचा घाव होता. बोकशीत गळ नसतो. साहेबाचं बोट त्या घावावर थांबलं.

"हे काय?"

तुळशीराम खाडीकडे बघायला लागला.

"जुना घाव हाय, सायब," सावळाराम म्हणाला. "कुनाच्यातरी गळावरनं सुटला आसंल. तुमच्या बंदीत आला म्हनून जगला."

साहेबाने वर पाहिलं. त्याचे डोळे पाणावले होते. ठाण्याच्या कचेरीत त्याची आणि त्याच्या राखीव पट्ट्यांची किती टिंगल होत असेल हे सावळारामला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तीन वर्षं हा माणूस बिनमाशांच्या खाडीतल्या माशांची बाजू घेऊन मोठ्या टेबलांपुढे उभा राहिला होता, आणि आज प्रथमच त्याच्या हातात काही आलं होतं. त्याने सावळारामचा ओला हात दोन्ही हातांत धरला.

"चौदापट," तो म्हणाला. "सावळाराम, चौदापट!"

रात्री जिताड्याची आमटी झाली. साहेब मागून मागून जेवला.

शिमगा झाल्यावर कागद आला. मासळीखात्याचा शिपाई सायकलवरून घेऊन आला आणि तुळशीरामने तो ओटीवर वाचला, कारण चार इयत्ता त्याच्याच झालेल्या. राखीव पट्ट्याचे परिणाम अत्यंत समाधानकारक आहेत. मत्स्यसंपत्ती चौदापट वाढल्याचं सिद्ध झालं आहे. सबब बंदीची मुदत आणखी दहा वर्षं वाढवण्यात येत आहे, तसंच पट्ट्याची हद्द खालच्या वळणापासून पुढच्या वळणापर्यंत नेण्यात येत आहे. शेवटी, मोजणीच्या कामी मनःपूर्वक सहकार्य केल्याबद्दल श्री. सावळाराम यांचे आभार.

पुढच्या वळणापर्यंत म्हणजे पाळीच्या त्या तीन जागाही गेल्या.

तुळशीरामने कागदाची घडी घातली, सावळारामच्या हातात दिली. "ताप उतरला रं तुझा," तो म्हणाला. "खाट मोठी केली सरकारनं."

त्याच रविवारी लडकू घरी आला.

"बाबा!" तो ओरडूनच बोलला, आता त्याला दुसरं येत नव्हतं. "सेठ बोलला, मई की पहली तारीखसे जॉबर बन जा! वीस लूम माझ्या हाताखाली! पर बोलतो, पक्का बोल, बीच में छोडके नय जाने का! हां बोलू का?"

"थांब," सावळाराम म्हणाला.

"काय?"

"थांब, थांब!" सावळारामने हाताने दाखवलं. "मयना हाय आजून!"

दुसऱ्या दिवशी तो ठाण्याला गेला. धुतलेलं धोतर नेसून, आभाराचा कागद टोपीत घालून. साहेब त्याला बघून उठून उभा राहिला. कचेरीत साहेबाला उठून उभं राहायला लावणारा सावळाराम बहुधा पहिलाच असेल. खुर्ची दिली, चहा मागवला. सावळारामने चहा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. अष्टमीचा भांग, ढिली गाठ. पौर्णिमेचं उधाण, दोन टोपल्या, गळाचा घाव. एकही गोष्ट त्याने राखून ठेवली नाही. आयुष्यात इतकं खरं तो एका बैठकीत कधी बोलला नव्हता, आणि बोलता बोलता त्याला घाम फुटला.

साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं. मग तो हसला, मायेने, जसं आजारी माणूस औषध नको म्हणतो तेव्हा हसतात तसं.

"सावळाराम, तुमचा राग मी समजू शकतो. दहा वर्षं फार वाटतात."

"राग न्हाय, सायब. खरं सांगतंव."

साहेबाने कपाटातून एक जाड बाड काढलं, पान उलटलं आणि बोट ठेवून वाचलं: "पट्टा यशस्वी ठरल्यानंतर तो खुला व्हावा म्हणून स्थानिक मच्छीमार मोजणीबद्दल शंका उपस्थित करण्याची शक्यता आहे." त्याने बाड मिटलं. "हे मी जानेवारीतच लिहून ठेवलंय. तुमचा दोष नाही. सगळीकडे असंच होतं."

"मंग परत मोजा. आज चला. मी सवताच्या हातानं जाळं टाकतंय."

"राखीव पट्ट्यात जाळं टाकायची परवानगी आता मलाही नाही. पुढची मोजणी सत्त्याऐंशीत."

"आनि रंग? सूत येतंय खाडीत, सायब, रंगाचं पानी येतंय. बंदी मानसाला हाय, त्याला न्हाय."

साहेबाचं हसू जरा कमी झालं. त्याने टेबलावरची टाचणी उचलली, परत ठेवली. "ते खातं वेगळं," तो म्हणाला.

"कोनतं?"

"चौकशी करावी लागेल." मग तो मनापासून म्हणाला, "चहा घ्या ना, गार होतोय."

परतीच्या बसमध्ये सावळारामने विचार केला. माणसाने खरं बोलून उपयोग नसतो, पण सरकारी कागदाने बोललं तर असतो. आपल्या जाळ्याचं वजन आपण सांगितलं तर खोटं. राखणदाराने लिहून घेतलं तर खरं. म्हणून बसमधून उतरला तो घरी न जाता थेट राघोकडे गेला.

"राघो, चैती पुनवेला दुपारी बांधावर ये. शिटी आन."

"कशाला?"

"मी जाळं टाकनार बंदीत. मना पकड."

राघो त्याच्याकडे बघत राहिला. "काका, दारू प्यालाव का?"

"पंचनामा करतंस ना, चोर पकडल्यावर? किती मासळी गावली ती वजनासकट लिवायला लागते ना? आन कागद."

चैत्री पौर्णिमेला भर दुपारी, उन्हात, अख्खं गाव बांधावर उभं असताना सावळारामने आपल्या दोन खुंटांना तीन वर्षांनी आपलं जाळं आपल्या मनाने बांधलं. गाठ आवळून. टोपली नाही, पाहुण्याचा मासा नाही. राघो शिटी तोंडात धरून बसला होता. वाजवायची केव्हा ते त्याला कळत नव्हतं. गुणाबाईने त्याला पाणी दिलं. लडकूही शिफ्ट बदलून आला होता.

उधाण होतं. पाणी धावलं. संध्याकाळी सावळाराम आणि लडकूने मिळून जाळं ओढलं. वजन होतं; क्षणभर सावळारामला वाटलं, मासळी निघते की काय. मासळी निघावी म्हणून पिढ्यान् पिढ्या ओढलेलं जाळं, आणि आज निघू नये म्हणून तो देवाला हात जोडत होता.

मासळी नव्हती. शेपटीत ओल्या सुताचा एक गोळा होता, मांजराएवढा, लाल-हिरवा-जांभळा. त्यात गुंतून एक शिंगटी, बोटभर, मेलेली, कधीची कुणास ठाऊक.

"लिव," सावळाराम म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "जप्त मासळी, काय लिवतंस?"

राघोने शिंगटीकडे पाहिलं. "ही धरायची?"

"ती सडलेली हाय."

"मंग निरंक," राघोने लिहिलं.

"वाच परत."

"जप्त मासळी: निरंक."

"सूत लिव."

राघोने छापील कागद उलटासुलटा केला. "सुताला जागा न्हाय, काका."

"ऱ्हाव दे. निरंक लिवलंस ना? बास झालं." सावळारामने अंगठा न उठवता सही केली, नाव पूर्ण लिहून. तो हसत होता. बांधावर तुळशीरामनेसुद्धा पहिल्यांदा मान डोलावली. "कागदावर आलं आता," तो म्हणाला. लडकू जाळं धूत होता आणि त्याने आईला ओरडून विचारलं, "आये, मंग सेठला नाय बोलू ना?" आणि गुणाबाईने त्याच्या तोंडासमोर जाऊन, ओठ मोठे करून, सांगितलं, "सांगू! जरा दम धर!"

एप्रिल संपायला तीन दिवस होते तेव्हा जीप आली. साहेब उतरला, पण ह्या वेळी त्याने हात पुढे केला नाही. त्याच्या चेहऱ्यावर दुखावलेल्या माणसाचा सरळपणा होता. त्याच्याबरोबर चार मजूर होते आणि दोरखंडाचं वेटोळं.

त्याने कागद दिला. तुळशीरामने वाचला. अमुक तारखेस राखीव पट्ट्यात बेकायदेशीर जाळं टाकल्याचं आढळून आलं. राखणदार राघो याच्या दक्षतेमुळे गुन्हा वेळीच उघडकीस आला. जप्त मासळी निरंक असल्याने मत्स्यसंपत्तीचं संभाव्य नुकसान पूर्णपणे टळलं आहे. यावरून देखरेखीची व्यवस्था परिणामकारक असल्याचं दिसून येतं. सबब राघो यास कायम करण्यात येत आहे. जाळं जमा करण्यात यावं. पुन्हा असा प्रकार होऊ नये म्हणून पट्ट्यातील सर्व चौदा जोड्या खुंट उपटण्यात यावेत.

 बांधाच्या टोकाला राघो उभा होता, खाकी सदऱ्यात, खाली मान घालून.

"सायब," सावळाराम म्हणाला, "जाळं रितं व्हतं. पुनवेचं, उधाणाचं जाळं. रितं."

"तेच तर," साहेब म्हणाला. "वाचलं सगळं."

लडकूला काही ऐकू आलं नव्हतं. तो ह्याच्या तोंडाकडे, त्याच्या तोंडाकडे बघत होता. त्याने तुळशीरामच्या हातातून कागद घेतला आणि स्वतः वाचला, ओठ हलवत, एक एक शब्द. मग त्याने कागद परत दिला, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि आईला म्हणाला, "पाचची बस पकडतो. सेठला आजच सांगावं लागंल." पहिल्यांदाच तो हळू बोलला होता, आवाज किती लागतो ह्याचा अंदाज चुकला असेल. गुणाबाई त्याच्यामागून रस्त्यापर्यंत गेली.

मजुरांनी सावळारामच्या पहिल्या खुंटाला दोर बांधला आणि चौघांनी ओढायला सुरुवात केली. खुंट हलला नाही. त्यांनी तो पुढे-मागे डोलवला. ताडाचं लाकूड कुरकुरलं. चौघेही मांड्यांपर्यंत चिखलात गेले.

"तोडाल," सावळाराम म्हणाला.

"काय?"

"तोडाल, म्हनतंय. असा न्हाय निघनार. आज्यानं बशिवलेला हाय." तो चिखलात उतरला, मजुराच्या हातातून दोर घेतला. "होडी आना तुळशीरामची. आता पानी उतरलंय. दोर खुंटाला आवळून होडीला बांधायचा आनि बसायचं. भरती आली की होडी वर जाईल, खुंट आपोआप वर येईल. जोर पान्यानं लावायचा, मानसानं न्हाय."

त्याने स्वतः गाठ मारली. मग सगळे बांधावर येऊन बसले, साहेब जीपमध्ये, मजूर सावलीत, सावळाराम नेहमीच्या जागेवर. त्याने विडी पेटवली. पाणी चढायला लागलं होतं. त्या दिवशी ते पिवळं होतं.